गणित सुटून वर्षं झालीत? विभाजक, मूळ संख्या आणि मसावि-लसावि पहिल्यापासून असं शिका

हे कुणासाठी आहे ते आधी सांगतो. पोलीस भरती, तलाठी, ग्रामसेवक असल्या परीक्षेची तयारी सुरू केलेली पोरं-पोरी ज्यांचा दहावीनंतर गणिताशी काही संबंध राहिला नाही, आणि दुसरे म्हणजे ज्यांचं लेकरू पाचवीत आहे, नवोदयला बसवायचंय, आणि रात्री वही घेऊन शेजारी बसलं की मसावि म्हणजे नेमकं काय ते आपल्यालाच आठवेना गेलंय असे आई-वडील. मी आर्ट्सचा. भरतीची तयारी करताना हा सगळा भाग परत पहिल्यापासून शिकलो आणि आता गावातल्या अभ्यासिकेत संध्याकाळी पोरांना हाच सांगतो, त्यामुळं नवीन माणूस कुठं अडकतो ते रोज डोळ्यासमोर दिसतं.

लातूर, नांदेड, संभाजीनगर, कुठल्याबी अभ्यासिकेत जा, या धड्याला पोरं सगळ्यात आधी ट्रिकचे व्हिडिओ बघायलेत. ट्रिक चुकीची नसते हो, पण प्रश्न जरा फिरवून आला की कुठली ट्रिक लावायची तेच कळत नाही. म्हणून माझं म्हणणं असं की दोनच गोष्टी पक्क्या करा. एक, विभाजक नेहमी जोडीनं येतात. दोन, १ पेक्षा मोठी कुठलीबी संख्या एकतर स्वतः मूळ असते (म्हणजे १ आणि ती स्वतः एवढेच विभाजक), नाहीतर मूळ संख्यांच्या गुणाकारात फुटते आणि ती एकाच प्रकारे फुटते. बाकीचं जवळपास सगळं या दोन गोष्टींतूनच निघतं, आणि मी खाली प्रत्येक ठिकाणी ते कसं निघतं ते दाखवतो.

काय काय लागंल

- एक शंभर पानी वही, शक्यतो चौकटीची. पायरी ३ मध्ये मूळ संख्या शोधायचा तक्ता म्हणजे चाळणी काढायचीय, तिला चौकटी कामाला येतात.
- दोन रंगाचे पेन.
- २ ते २० पाढे. हे पाठ नसतील तर आधी तेच करा, खरंच सांगतो, याला दुसरा रस्ता नाही. ३० पर्यंत आले तर लईच चांगलं.
- १ ते ३० चे वर्ग.
- बालभारतीची पाचवी, सहावी, सातवीची गणिताची पुस्तकं. बालभारतीच्या वेबसाईटवर पीडीएफ फुकट मिळतात. पाचशे रुपयांचं गाईड घ्यायच्या आधी ही तीन पुस्तकं सोडवा.
- मोबाईलचं कॅल्क्युलेटर फक्त उत्तर तपासायला. सोडवायला नाही.

पायरी १ : विभाजक जोडीनं शोधा

ज्या संख्येनं पूर्ण भाग जातो, बाकी शून्य राहते, तो विभाजक. ज्याला भाग जातो ती संख्या विभाज्य. काही पुस्तकांत विभाजकाला अवयव म्हणतात आणि विभाज्याला पट म्हणतात, गोंधळू नका, गोष्ट तीच.

छत्रपती संभाजीनगरला बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात, तर ५२ च घेऊ. वहीत १ पासून सुरू करा आणि प्रत्येक विभाजकासमोर त्याचा जोडीदार लिहा:

१ × ५२
२ × २६
३ नं जात नाही
४ × १३
५, ६, ७ नं जात नाही

आता ८ कडं आलो. आठ आठे चौसष्ट, म्हणजे ५२ च्या पुढं गेलो. इथं थांबायचं. काहून थांबायचं, तर ८ किंवा त्याच्यापेक्षा मोठा विभाजक असलाच तर त्याचा जोडीदार ७ किंवा त्याच्यापेक्षा लहान असणार, आणि ७ पर्यंतचे सगळे तर आपण बघून बसलोत. म्हणून ५२ चे विभाजक १, २, ४, १३, २६, ५२. सहा. एक सुद्धा सुटला नाही याची खात्री आहे आपल्याला, आणि ही खात्रीच महत्त्वाची. पोरं १, २, ४ लिहितात, मग एकदम ५२ लिहून मोकळी होतात आणि १३ राहून जातो. जोडीनं लिहिलं की तो राहत नाही.

आता लातूरच्या गंजगोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात, ते १६ घ्या. १ × १६, २ × ८, ४ × ४. शेवटच्या जोडीत दोघंबी एकच, म्हणून विभाजक पाच झाले, १, २, ४, ८, १६. लक्षात ठेवा, पूर्ण वर्ग संख्येच्याच विभाजकांची संख्या विषम असते, बाकी सगळ्यांची सम. "खालीलपैकी कोणत्या संख्येच्या विभाजकांची संख्या विषम आहे" असा प्रश्न आला तर पर्यायांत फक्त वर्ग संख्या शोधायची, विभाजक मोजत बसायची गरज नाही.

विभाज्य मात्र संपत नाहीत. ५२, १०४, १५६, २०८... चालूच. एखाद्या संख्येचा सगळ्यात लहान विभाजक १ आणि सगळ्यात मोठा ती स्वतः, आणि सगळ्यात लहान विभाज्य (शून्य सोडून) ती स्वतः. आणि शून्यानं कशालाच भाग जात नसतो, हे पक्कं.

पायरी २ : कसोट्या, पण कारणासकट

कसोट्या सगळ्यांना अर्ध्या-अर्ध्या आठवतात. त्याचं कारण त्या घोकलेल्या असतात. कारण कळलं की विसरत नाहीत.

२, ५, १० : शेवटचा अंक बघा. यात सांगण्यासारखं काही नाही.

४ : शेवटचे दोन अंक बघायचे, कारण १०० ला ४ नं पूर्ण भाग जातो, म्हणून शतकाच्या पुढचं सगळं आपोआप जातंच. ८ ला याच हिशोबानं शेवटचे तीन अंक, कारण १००० ला ८ नं भाग जातो.

३ आणि ९ : अंकांची बेरीज. १० म्हणजे ९ आणि वर १, १०० म्हणजे ९९ आणि वर १. नऊ-नऊ काढून टाकले की प्रत्येक अंकामागं तो अंकच उरतो, म्हणून बेरीज बघितली तरी पुरतं.

१७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, ते साल घेऊन बघा. १ + ९ + ४ + ८ = २२, म्हणजे ३ नं जात नाही आणि ९ नं पण नाही. शेवटचे दोन अंक ४८, ४ नं जातात, म्हणून १९४८ ला ४ नं भाग जातो, ४ × ४८७. ८ साठी ९४८ बघा, आठनं भाग दिला तर बाकी ४ राहते, म्हणजे नाही.

११ : एक सोडून एक अंकांच्या दोन बेरजा करा आणि फरक काढा. २७२८ मध्ये २ + २ = ४ आणि ७ + ८ = १५, फरक ११, म्हणून भाग जातो (११ × २४८). इथं लई जण फक्त फरक शून्य आला तरच भाग जातो असं धरून बसतात. फरक ०, ११, २२ काहीबी चालतो.

७ : शेवटच्या अंकाची दुप्पट करून उरलेल्या संख्येतून वजा करायची, ३४३ असंल तर ३४ − ६ = २८, सात चोक अठ्ठावीस, म्हणून जातो. कसोटी बरोबर आहे, पण माझं मत विचाराल तर तीन अंकी संख्येला सरळ ७ नं भागून टाका, तेवढ्याच वेळात होतं.

आता मोठा खड्डा. ६ साठी २ आणि ३ ची कसोटी लावतात ते बरोबर. मग १२ साठी पोरं २ आणि ६ ची लावतात. चूक. १८ ला २ नं पण भाग जातो, ६ नं पण जातो, १२ नं जात नाही. १२ साठी ३ आणि ४ च घ्यायचे. २४ साठी ३ आणि ८, ४ आणि ६ नाही. नियम असा की ज्या दोन संख्या घेताय त्यांच्यात १ सोडून काही सामाईक नको.

आणि रिकाम्या जागेचा प्रश्न येतोच येतो: ४_६८ ला ९ नं भाग जातो, जागी कोणता अंक? ४ + ६ + ८ = १८ झालेच, म्हणून ० बसतो. आणि ९ पण बसतो. प्रश्नात "लहानात लहान" आहे का "मोठ्यात मोठा" ते वाचल्याशिवाय पर्यायावर टिक करू नका.

पायरी ३ : शंभराची चाळणी स्वतःच्या हातानं काढा

मूळ संख्या म्हणजे जिच्याकडं विभाजकांची एकच जोडी आहे, १ आणि ती स्वतः. १३ म्हणजे १ × १३, दुसरी जोडीच नाही. आता १ चं बघा, १ × १, विभाजक एकच. दोन वेगळे विभाजक पाहिजेत तिथं एकच आहे, म्हणून १ मूळ पण नाही आणि संयुक्त (दोनपेक्षा जास्त विभाजक असलेली) पण नाही. आणि २ ही एकमेव सम मूळ संख्या. या दोन वाक्यांवर दरवर्षी कुठल्या ना कुठल्या पेपरात प्रश्न असतोच.

१ ते १०० मूळ संख्यांची यादी छापील मिळते. ती घोकू नका, आधी एकदा चाळणी काढा. ही पद्धत एराटोस्थेनीस नावाच्या ग्रीक विद्वानाची, इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकातला माणूस, अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख होता, पृथ्वीचा घेर मोजणारा तोच. पद्धत अशी:

वहीत दहा बाय दहाचा चौकोन करून १ ते १०० लिहा. १ वर काट मारा.

२ ला गोल करा आणि त्याच्या पुढच्या सगळ्या सम संख्या काटा. हे उभ्या रांगाच्या रांगा जातात, पटकन होतं. ४९ संख्या गेल्या.

३ ला गोल करा, ९ पासून पुढं ३ चा पाढा काटत चला. ६ ला जायची गरज नाही, ती गेलेलीच आहे. इथं काट तिरकी-तिरकी पडत जाते, नीट बघा. नव्यानं १६ संख्या कटतात, आणि त्यातच आपले नेहमीचे फसवे ५१, ५७, ८७ आहेत.

५ ला गोल करा, २५ पासून सुरू करा. नव्यानं फक्त सहा कटतात: २५, ३५, ५५, ६५, ८५, ९५.

७ ला गोल करा, ४९ पासून. आता कटायला उरल्यात फक्त तीन. ४९, ७७ आणि ९१. बस.

पुढचा नंबर ११ चा, पण ११ चा वर्ग १२१, तो तर तक्त्याच्या बाहेर. म्हणून चाळणी इथंच संपली. जे उरलं ते सगळं मूळ. हिशोब लावून बघा, ४९ + १६ + ६ + ३ = ७४, आणि १ वरची काट धरून ७५. शंभरातून ७५ गेले, २५ उरले. तुमच्या वहीत २५ आले नाहीत तर कुठंतरी काट राहिली किंवा जास्तीची पडली, परत बघा. हे एकदा हातानं केलं की ९१ मूळ आहे का नाही असा प्रश्न पुन्हा आयुष्यात पडत नाही.

मग यादी लक्षात ठेवायला दहा-दहाच्या गटात किती आहेत तेवढं पाठ करा: ४, ४, २, २, ३, २, २, ३, २, १. म्हणजे १ ते १० मध्ये चार (२, ३, ५, ७), ११ ते २० मध्ये चार (११, १३, १७, १९), मग २३, २९, मग ३१, ३७, मग ४१, ४३, ४७, मग ५३, ५९, मग ६१, ६७, मग ७१, ७३, ७९, मग ८३, ८९ आणि शेवटच्या दहात एकटी ९७. "४० ते ८० मध्ये मूळ संख्या किती" असं विचारलं की गटांची बेरीज केली की झालं, ३ + २ + २ + ३ = १०. पंचवीसही मूळ संख्यांची बेरीज १०६० येते, ही पण विचारतात.

पायरी ४ : मोठी संख्या मूळ आहे का ते तपासा

इथं सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. कुणी १० पर्यंतच भागून बघतं आणि मूळ म्हणून सोडून देतं, कुणी संख्येच्या अर्ध्यापर्यंत भागत बसतं. दोन्ही नको. संख्येच्या वर्गमूळापर्यंतच्या फक्त मूळ संख्यांनी भागून बघायचं. कारण तेच, जोडी. जोडीतला एकजण तरी वर्गमूळाएवढा किंवा त्याच्यापेक्षा लहान असतोच.

उदाहरण घ्या २०२१. विषम आहे, बेरीज ५, शेवटी ५ किंवा ० नाही. दिसायला एकदम मूळ. ४४ चा वर्ग १९३६, ४५ चा २०२५, म्हणजे ४३ पर्यंतच्या मूळ संख्या तपासायच्या. ७ नं बाकी ५, ११ नं ८, १३ नं ६, १७ नं १५, १९ नं ७, २३ नं २०, २९ नं २०, ३१ नं ६, ३७ नं २३, ४१ नं १२... कंटाळून इथं सोडून दिलं की गेला मार्क, कारण शेवटच्या ४३ नं भाग जातो. २०२१ = ४३ × ४७. आता २०२७ घ्या, तिची सीमा पण ४३ च, कारण ४५ चा वर्ग २०२५ आणि ४६ चा २११६. कुणानंच भाग जात नाही, म्हणून २०२७ मूळ. दोन्ही स्वतः वहीत करा, भागाकाराचा हात बसतो.

परीक्षेत चार अंकी क्वचितच येतात, दोन-तीन अंकी फसव्याच जास्त. या बघून ठेवा:

५१ (सतरा त्रिक एकावन्न), ५७ (एकोणीस त्रिक सत्तावन्न), ८७ = ३ × २९, ९१ (तेरा साते एक्याण्णव), ११९ = ७ × १७, १३३ = ७ × १९, १४३ = ११ × १३, १६१ = ७ × २३, १८७ = ११ × १७, २०९ = ११ × १९, २१७ = ७ × ३१, २२१ = १३ × १७, २४७ = १३ × १९, २८७ = ७ × ४१, २९९ = १३ × २३. यातल्या ५१, ५७, ९१, ११९ आणि १३३ तर विसापर्यंतच्या पाढ्यातच आहेत, म्हणून वर पाढ्यांचा आग्रह धरला.

व्हिडिओत एक ट्रिक फिरत असते की मूळ संख्येला ६ नं भागलं की बाकी १ किंवा ५ येते. ३ पेक्षा मोठ्या मूळ संख्यांना हे शंभर टक्के खरं आहे. पण उलटं खरं नाही. २५ ला ६ नं भागा, बाकी १. ३५ ला भागा, बाकी ५. दोन्ही मूळ नाहीत. या ट्रिकनं एखादा पर्याय काढून टाकता येतो, निवडता येत नाही.

लेकरं एक प्रश्न हमखास विचारतात, शेवटची मूळ संख्या कोणती. शेवटची नाहीच. युक्लिड नावाच्या ग्रीक गणितज्ञानं दोन हजार वर्षांहून आधी हे सिद्ध करून ठेवलंय: तुमच्याकडं जेवढ्या मूळ संख्या आहेत त्यांचा गुणाकार करा आणि १ मिळवा, आलेल्या संख्येला तुमच्यातल्या एकानंही भाग जाणार नाही, म्हणजे यादीबाहेरची कुणीतरी आहेच. यातपण एक खड्डा आहे, आलेली संख्या स्वतः मूळच असंल असं नाही. २ × ३ × ५ × ७ × ११ × १३ + १ = ३००३१ आणि ती ५९ × ५०९ आहे. माणसानं शोधलेली सगळ्यात मोठी म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये जी जाहीर झाली ती म्हणजे २ ला २ नंच गुणत १३,६२,७९,८४१ वेळा २ घेतले आणि त्यातून १ वजा केला, चार कोटी दहा लाखांहून जास्त अंक आहेत तिच्यात. आणि कुठलीबी संख्या मूळ आहे का ते खात्रीनं आणि तुलनेनं लवकर तपासायची एक पद्धत २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना या तिघांनी दिली, यातले कयाल आणि सक्सेना त्याच वर्षी बीटेक झालेली पोरं होती. लेकरांना हे जरूर सांगा, त्यांचे डोळे चमकतात.

पायरी ५ : मूळ अवयव पाडा

संख्येला सगळ्यात लहान मूळ संख्येनं भागत जायचं, १ येईपर्यंत. ३६० घ्या: १८०, ९०, ४५ (तीनदा २ नं), १५, ५ (दोनदा ३ नं), १ (एकदा ५ नं). म्हणजे ३६० = २ × २ × २ × ३ × ३ × ५. तुम्ही सुरुवात ३६ × १० अशी केली काय आणि ५ × ७२ अशी केली काय, शेवटी याच सहा संख्या येणार. १ ला मूळ धरत नाहीत त्याचं खरं कारण पण हेच, नाहीतर कितीबी १ जोडून वेगवेगळे अवयव दाखवता आले असते.

आता विभाजक किती ते न लिहिता काढता येतं. ३६० च्या विभाजकात २ एकदाही नसंल, एकदा असंल, दोनदा किंवा तीनदा, म्हणजे ४ पर्याय. ३ चे ३ पर्याय, ५ चे २. म्हणून ४ × ३ × २ = २४ विभाजक. प्रत्येक घातात (म्हणजे ती मूळ संख्या जितक्या वेळा आली त्या आकड्यात) १ मिळवायचं आणि गुणायचं एवढंच, पण ते १ मिळवणं "एकदाही नाही" या पर्यायाचं आहे हे कळलं की विसरणार नाही. जायकवाडीच्या धरणाला २७ दरवाजे आहेत, २७ = ३ × ३ × ३, तर विभाजक ३ + १ = ४. तपासा: १, ३, ९, २७.

पायरी ६ : मसावि आणि लसावि

मसावि म्हणजे महत्तम साधारण विभाजक, सगळ्यांचा सामाईक असलेला सगळ्यात मोठा विभाजक, आणि लसावि म्हणजे लघुत्तम साधारण विभाज्य, सगळ्यांचा सामाईक असलेला सगळ्यात लहान विभाज्य. मूळ अवयव पाडता आले तर इथं नवीन काही नाही. ८४ = २ × २ × ३ × ७ आणि १२६ = २ × ३ × ३ × ७. मसावि म्हणजे दोघांत सामाईक आहे तेवढंच: २ × ३ × ७ = ४२. लसावि म्हणजे प्रत्येक मूळ संख्या जिथं जास्त वेळा आहे तिथून घ्यायची: २ × २ × ३ × ३ × ७ = २५२.

बघा, प्रत्येक मूळ संख्येचा कमीवाला वाटा मसाविकडं गेला आणि जास्तवाला लसाविकडं. म्हणून दोन संख्यांचा गुणाकार = मसावि × लसावि. ८४ × १२६ = १०५८४ आणि ४२ × २५२ पण १०५८४. हे फक्त दोन संख्यांना लागू. तीन संख्या असल्या की मधलावाला वाटा कुणाकडंच जात नाही. ४, ६, १० चा मसावि २, लसावि ६०, गुणाकार १२०, आणि ४ × ६ × १० तर २४०.

दुसरं एक लई कामाचं: मसाविनं लसाविला पूर्ण भाग जायलाच पाहिजे. मसावि १२ आणि लसावि १०० असा पर्याय दिसला की काटून टाका.

संख्या मोठ्या असल्या आणि अवयव सापडत नसले तर भागाकार पद्धत. १५१७ आणि १७६३ चा मसावि काढा. १७६३ ला १५१७ नं भागा, बाकी २४६. १५१७ ला २४६ नं भागा, बाकी ४१. २४६ ला ४१ नं भागा, बाकी शून्य. झाला, मसावि ४१. अवयव शोधत बसला असता तर ३७ × ४१ आणि ४१ × ४३ हे सापडेपर्यंत पेपर संपला असता. ही पद्धत पण युक्लिडच्याच काळापासूनची आहे.

शाब्दिक उदाहरणात मसावि का लसावि, हाच खरा प्रश्न असतो. माझा सल्ला, उत्तर दिलेल्या संख्यांपेक्षा लहान येणार का मोठं ते आधी विचारा.

समजा ८४ किलो तूर, १२६ किलो हरभरा, १४७ किलो मूग आहे, एकमेकांत न मिसळता, काही न उरवता सारख्या वजनाच्या मोठ्यात मोठ्या पिशव्या भरायच्या. पिशवी ८४ किलोपेक्षा मोठी होऊ शकत नाही, म्हणजे मसावि. २१ किलो. पण प्रश्न "पिशव्या किती" असा असंल तर ४ + ६ + ७ = १७. पर्यायांत २१ पण दिलेला असतो, मुद्दाम.

समजा स्टँडवरून औशाची गाडी दर २४ मिनिटांनी आणि निलंग्याची दर ३६ मिनिटांनी सुटते, सकाळी ६ ला दोन्ही सोबत सुटल्या, परत सोबत कधी? वेळ ३६ मिनिटांहून जास्तच लागणार, म्हणजे लसावि, ७२ मिनिटं, ७ वाजून १२ मिनिटांनी. आणि ६ पासून दुपारी १२ पर्यंत किती वेळा सोबत सुटल्या? ३६० ÷ ७२ = ५, आणि सकाळी ६ ची पहिली धरून ६. ती पहिली धरायची राहते आणि मार्क जातो.

बाकीवाले प्रकार तीन आहेत, तिन्ही वेगळे ठेवा:

अ) १२, १५, १८ नं भागल्यावर दरवेळी बाकी ५ राहते अशी तीन अंकी लहानात लहान संख्या. लसावि १८०, त्यात ५ मिळवा, १८५.

आ) १२ नं भागल्यावर ७, १५ नं भागल्यावर १०, १८ नं भागल्यावर १३ उरतात अशी लहानात लहान संख्या. बाकी वेगळी आहे पण भाजक वजा बाकी प्रत्येक ठिकाणी ५ च. म्हणजे संख्या लसाविला ५ कमी पडते. १८० − ५ = १७५.

इ) ६२, १३२, २३७ ला भागल्यावर सारखीच बाकी राहील अशी मोठ्यात मोठी संख्या. बाकी दिलेलीच नाही, तर फरक काढा: ७०, १०५, १७५. यांचा मसावि ३५. तपासा, तिन्हीत बाकी २७.

पायरी ७ : सहमूळ आणि जोडमूळ

ज्या दोन संख्यांचा सामाईक विभाजक फक्त १ आहे त्या सहमूळ. त्या स्वतः मूळ असायची गरज नाही, ८ आणि १५ दोन्ही संयुक्त आहेत तरी सहमूळ. वेरूळला ३४ लेण्या, त्यात बौद्ध १२, हिंदू १७, जैन ५. या तिन्हींतल्या कुठल्याबी दोन घ्या, सहमूळच निघतात, १२ संयुक्त असली तरी. सहमूळ संख्यांचा लसावि म्हणजे सरळ त्यांचा गुणाकार, १२ आणि १७ चा २०४. लागोपाठच्या दोन संख्या नेहमी सहमूळ असतात.

जोडमूळ म्हणजे दोन्ही मूळ आणि फरक २. शंभराच्या आत आठ जोड्या: ३-५, ५-७, ११-१३, १७-१९, २९-३१, ४१-४३, ५९-६१, ७१-७३. यात ५ दोनदा येतो, चुकून गाळू नका. आणि २-३ जोडमूळ नाहीत, फरक १ आहे.

सरावाला काही, उत्तरं खाली दिलीत पण आधी वही काढा

१) ३२३ मूळ आहे का?
२) ६६७ मूळ आहे का?
३) १००० चे विभाजक किती?
४) दोन संख्यांचा मसावि १२, लसावि ३६०, एक संख्या ७२, दुसरी कोणती?
५) ८, १२, १५ नं भागल्यावर दरवेळी बाकी ३ उरते अशी तीन अंकी लहानात लहान संख्या?
६) २०२५ चे विभाजक सम संख्येत आहेत का विषम?

उत्तरं: १) नाही, १७ × १९. २) नाही, वर्गमूळ २५ च्या थोडं पुढं आहे म्हणून २३ पर्यंत तपासावं लागतं आणि तिथंच सापडते, २३ × २९, ज्यांनी १९ ला सोडलं त्यांनी पायरी ४ परत करा. ३) २ तीनदा, ५ तीनदा, म्हणून ४ × ४ = १६. ४) १२ × ३६० ÷ ७२ = ६०. ५) लसावि १२०, म्हणून १२३. ६) विषम, कारण २०२५ हा ४५ चा वर्ग आहे, आणि मोजायचेच असतील तर ३ चारदा, ५ दोनदा, म्हणजे ५ × ३ = १५.